विजेची गाडी कोणाच्या दारात?

२२ ऑगस्ट २०२५ पासून शिवडी–न्हावाशेवा अटल सेतूवर विजेवर चालणाऱ्या मोटारींना पथकर माफ झाला. त्याच वर्षी एप्रिलअखेर राज्य मंत्रिमंडळाने संमत केलेल्या विद्युत वाहन धोरणातील तरतुदीची ही अंमलबजावणी होती. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांनाही ही सवलत देण्याचे त्या धोरणात ठरले आहे. एका खेपेला अडीचशे रुपये वाचणे ही मोटारमालकाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. हिरव्या पाटीची गाडी नाक्यावरून धूर न सोडता निघून जाताना पाहिली, की सरकार प्रदूषणाविरुद्ध काही करीत आहे असे समाधानही नागरिकाला वाटते. या समाधानात सहभागी होण्याची आमचीही इच्छा आहे. परंतु या सेतूवर दुचाकीला व तीनचाकीला प्रवेशच नाही. द्रुतगती मार्गावर नाही आणि समृद्धीवरही नाही. देशात विजेवर चालणारी जी वाहने विकली जातात, त्यांत बहुसंख्य दुचाकी आणि तीनचाकी आहेत. विजेची रिक्षा चालवून पोट भरणारा माणूस किंवा विजेच्या स्कूटरवरून घरोघर जेवण पोचविणारा तरुण यांच्या पदरात या माफीतला एक छदामही पडत नाही. विजेवरच्या सार्वजनिक बसगाड्यांना ही माफी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण सवलतीचा मोठा वाटा कोणाकडे जातो हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

विजेच्या मोटारीविषयी आमच्या मनात आकस नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. मुंबईसारख्या शहराला हे वाहन अनेक दृष्टींनी मानवणारे आहे. पेट्रोलची गाडी सिग्नलला उभी राहिली तरी तेल जाळीत असते. विजेच्या गाडीचे यंत्र त्या वेळी स्तब्ध असते. ब्रेक दाबताच चाकांतील गतीचा काही अंश पुन्हा विजेच्या रूपाने बॅटरीत परत येतो, म्हणून थांबत-थबकत चालणाऱ्या शहरी रहदारीत ती मोकळ्या महामार्गापेक्षाही काटकसरीने चालते. एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर ती सहज जाते. शेपटीतून धूर नाही, कानठळ्या बसविणारा आवाज नाही. मुंबईतल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास जाऊन पोचली असताना आणि हिवाळ्यात शहरावर मळकट धुक्याची चादर पसरलेली असताना या गुणांना किंमत आहे. हवेच्या दुरवस्थेची दखल मुंबई उच्च न्यायालयाने घेतल्यावर पेट्रोल व डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील काय, याचा अभ्यास करण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. ही दिशा चुकीची नाही. या दिशेने जाताना कोणाला खांद्यावर घेतले जात आहे आणि कोणाला वाटेत टाकून दिले जात आहे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

विजेवरचे वाहन मुंबईला नवे नाही, याची आठवण येथे करून द्यावीशी वाटते. ७ मे १९०७ रोजी या शहरात विजेची ट्राम धावू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विजेची आगगाडी निघाली. १९६२ ते १९७१ या काळात विजेच्या तारांना लोंबकळत चालणारी ट्रॉलीबसही मुंबईकरांनी पाहिली. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे या शहराचा कामगार, कारकून, शिक्षक आणि शाळकरी मुलगा विजेवरच प्रवास करीत आला आहे. त्याने स्वतःची गाडी घेतली नव्हती. तिकीट घेतले होते. १९४७ साली ट्राम, बस आणि वीजपुरवठा या तिन्ही गोष्टी एकत्रितपणे महापालिकेच्या ताब्यात आल्या, आणि वीज विकून मिळणाऱ्या नफ्यातून बसचे भाडे स्वस्त ठेवण्याची एक शहाणी वहिवाट बेस्ट उपक्रमाने अनेक वर्षे चालविली. आज वीज शहराच्या वाहतुकीत नव्या दिमाखाने परत येत आहे, ती मात्र एकेकट्या मालकाच्या दारात. हा फरक यंत्राचा नाही, धोरणाचा आहे.

आता दाराचाच विचार करू. विजेची गाडी विकत घेणे हा व्यवहाराचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग म्हणजे तिला रोज वीज पाजणे. गाडी उभी करायला हक्काची जागा आणि त्या जागेपाशी एक भिंत, भिंतीवर पंधरा अँपिअरचा खटका एवढे ज्याच्याजवळ आहे, त्याला या बाबतीत काहीच चिंता नाही. तीस युनिटांची बॅटरी साध्या घरगुती जोडणीवर नऊ-दहा तासांत भरते. रात्री जेवून तार लावावी आणि सकाळी भरलेली गाडी घेऊन निघावे. वेळही मोडत नाही आणि पैसाही फारसा लागत नाही. पण मुंबईत असा खटका किती जणांजवळ आहे? २०११ च्या जनगणनेने या शहरातील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहतात असे नोंदविले. त्याखेरीज गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत, जुन्या उपकरप्राप्त इमारतींत आणि म्हाडाच्या वसाहतींत राहणारे लाखो लोक आहेत. त्यांची गाडी असलीच तर रस्त्याच्या कडेला उभी असते. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून रस्त्यावरच्या गाडीपर्यंत तार सोडता येत नाही, आणि सोडली तर ती कायद्याने व सुरक्षेच्या दृष्टीने गुन्हाच ठरेल.

ज्यांच्याजवळ इमारतीत जागा आहे, त्या मध्यमवर्गीयांचीही वाट सरळ नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला की काय होते, हे पुष्कळ वाचकांनी अनुभवले असेल. इमारतीचा मंजूर विद्युतभार अपुरा आहे, मीटरपासून गाडीपर्यंतची तार सामाईक जागेतून जाते, आग लागली तर जबाबदार कोण, एकाला परवानगी दिली की उद्या वीस जण मागतील, असे आक्षेप एकामागून एक येतात. यांतले काही खरे आहेत. जुन्या इमारतींची विद्युत जोडणी खरोखरच दुबळी असते. पण खरा आक्षेप दुरुस्तीने मिटतो आणि खोटा आक्षेप पुढच्या सभेपर्यंत पुढे ढकलला जातो. केंद्र सरकारने २०१९ च्या प्रारंभी आदर्श इमारत नियमावलीत बदल करून वाहनतळाच्या वीस टक्के जागेत चार्जिंगची सोय असावी असे सुचविले. ते नव्या इमारतींपुरते. शहर मात्र जुन्या इमारतींचे आहे.

मग सार्वजनिक चार्जिंग केंद्रे उरतात. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने असा खुलासा केला, की गाडी चार्ज करून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, म्हणून त्यासाठी वीजवितरणाचा परवाना लागणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरात निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत शहराच्या दर तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात एक तरी केंद्र असावे असे म्हटले. परवान्याची अट गेली तशी खाजगी कंपन्यांची केंद्रे निघाली, आणि भांडवल जेथे जाते तेथेच ती गेली: मॉलच्या तळघरात, तारांकित हॉटेलांच्या आवारात, उंची कार्यालयांच्या वाहनतळात. टॅक्सीचा थांबा, रिक्षाचे नाके, भाजीबाजार, माल उतरविण्याची जागा यांच्याकडे ती क्वचितच वळली.

आणि दराचे काय? घरच्या विजेवर राज्याचे विद्युतशुल्क असते, पण वस्तू व सेवा कर नसतो. सार्वजनिक केंद्रावरचे चार्जिंग ही ‘सेवा’ ठरल्यामुळे तिच्यावर अठरा टक्के सेवाकर बसतो. त्यात जलद चार्जिंगच्या यंत्राचे भांडवल, जागेचे भाडे आणि कंपनीचा नफा मिळविला की घरी ज्या दरात युनिट पडते, त्याच्या दुपटीच्या घरात किंवा त्याहूनही वर हा दर जातो. याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. ज्याच्या मालकीची वाहनतळाची जागा आहे, म्हणजे मुंबईच्या हिशेबाने जो आधीच सुस्थितीत आहे, त्याला स्वस्त वीज. ज्याला डोके टेकायला पुरेशी खोली नाही, ज्याची टॅक्सी रात्री फुटपाथाला लागून उभी असते, त्याला महाग वीज, आणि ती घेण्यासाठी रांगेत घालविलेल्या वेळाचा भुर्दंड वेगळा. खाजगी मोटार दिवसाचे बावीस तास उभीच असते. तिला चार्जिंगला वेळच वेळ. टॅक्सी उभी राहिली की चालकाची चूल थंडावते. ज्याचे वाहन शहरात सर्वांत जास्त धावते, आणि म्हणून ज्याचे वाहन विजेवर गेल्याने हवा सर्वांत जास्त सुधारणार आहे, त्याच्याच वाटेत सर्वांत अधिक अडथळे उभे आहेत.

हा केवळ तर्क नव्हे. अनुभवही तसाच आहे. मे २०१७ मध्ये नागपुरात सुमारे दोनशे विजेच्या टॅक्सी-रिक्षांचा प्रयोग मोठ्या गाजावाजाने सुरू झाला. काही महिन्यांतच चालक गाड्या परत करू लागले. चार्जिंग केंद्रे मोजकी, रांगा लांबलचक, नागपूरचा उन्हाळा आणि दिवसाच्या कमाईतून कापले जाणारे तास, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. मुंबईच्या टॅक्सी-रिक्षाचालकांनी या शतकाच्या आरंभी न्यायालयाच्या आदेशानंतर सीएनजी स्वीकारला, तेव्हाही पंपांपुढच्या रांगांची किंमत त्यांनीच मोजली. शहर स्वच्छ झाले त्याचे श्रेय सरकारने घेतले, आणि रांगेत उभे राहिलेल्यांचे आभार मानायचे कोणाला सुचले नाही.

दुसरे उदाहरण ताजे आहे. दिल्ली आणि बंगळूर येथे विजेवरच्या टॅक्सींची सेवा देणारी ब्लूस्मार्ट ही कंपनी एप्रिल २०२५ मध्ये अक्षरशः एका रात्रीत बंद पडली. तिला गाड्या पुरविणाऱ्या जेनसोल या कंपनीविषयी सेबीने १५ एप्रिल २०२५ रोजी जो अंतरिम आदेश काढला, त्यात म्हटले आहे की ६,४०० विद्युत वाहनांसाठी सरकारी वित्तसंस्थांकडून कर्जे घेतली गेली आणि प्रत्यक्षात ४,७०४ वाहने खरेदी झाली. कर्जाचा काही भाग प्रवर्तकांच्या खाजगी उपभोगाकडे वळविला गेला, असेही निष्कर्ष त्यात नोंदले आहेत. अंतिम निवाडा यथावकाश होईल. पण हजारो चालकांची रोजी त्या रात्री गेली, ती निवाड्याची वाट पाहत थांबली नाही. पैसा सार्वजनिक, धोका चालकाचा आणि मालकी खाजगी, अशी ही वाटणी होती. हरित हे विशेषण लावल्याने वाटणी बदलत नाही.

सवलतींच्या वाटणीतही हेच दिसते. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवर आला. गाडी आठ लाखांची असो वा दीड कोटीची, दर एकच. सप्टेंबर २०२५ मध्ये करांची फेररचना होईपर्यंत साध्या सायकलीवर मात्र बारा टक्के कर होता. ज्या वाहनाला ना तेल लागते ना वीज, त्या वाहनावर कोट्यधीशाच्या मोटारीच्या दुपटीहून अधिक कर सहा वर्षे या देशाने वसूल केला! मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विद्युत मोटारींवर सहा टक्के कर सुचविला गेला होता. तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. दोन महिन्यांच्या आत, ९ मे २०२५ रोजी, बेस्टच्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. तीस लाखांची मोटार घेणाऱ्याला सहा टक्के जड जातील याची काळजी ज्या शासनयंत्रणेला वाटली, तिला पाच रुपयांचे दहा झाल्याने धारावीहून दादरला कामाला जाणाऱ्या बाईच्या महिन्याच्या हिशेबात किती खड्डा पडतो, हे दिसले नाही.

धुराचाही हिशेब मांडला पाहिजे. विजेची गाडी धूर सोडत नाही, हे ती जेथे चालते तेथपुरते खरे आहे. देशात आजही निर्माण होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशापासून येते. मलबार हिलच्या रस्त्यावरचा धूर कमी झाला तर ते चांगलेच. पण त्याचा काही अंश तुर्भे आणि डहाणूच्या धुरांड्यांतून, चंद्रपूर आणि कोराडीच्या राखेतून बाहेर पडत असतो. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आणि वीजकेंद्राच्या कुशीत असलेल्या माहुलमध्ये शहराने आपल्या विस्थापितांना नेऊन ठेवले, आणि तेथल्या हवेविरुद्ध त्यांना न्यायालयापर्यंत झगडावे लागले. मुंबईच्या विजेची किंमत इतरांनी मोजण्याची परंपरा जुनीच आहे. १९२१ साली मुळशी पेट्यात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो ज्या धरणाविरुद्ध होता त्याच्या पाण्यातून होणारी वीज मुंबईलाच येणार होती. सूर्याची आणि वाऱ्याची वीज वाढत आहे, तसतसा हा हिशेब सुधारत जाईल, हेही खरे. दुपारच्या वेळी सौर वीज मुबलक असते; त्या वेळी गाड्या चार्ज व्हाव्यात अशी दररचना केली तर लाभ होईल. पण दुपारी चार्जिंग करायचे तर ते घरी नव्हे, कामाच्या ठिकाणी, आगारात आणि थांब्यावर करावे लागेल; आणि नेमकी तेथेच सोय नाही.

राहिला रस्ता. विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीइतकीच जागा अडविते, आणि बॅटरीमुळे वजनाने थोडी जडच असते. टायर झिजून उडणारी धूळ तिच्यामुळे कमी होत नाही. चार जणांच्या गाडीत एकटा माणूस बसून वांद्र्याहून नरिमन पॉइंटला जाऊ लागला, तर ती गाडी कशावर चालते याने रहदारीच्या कोंडीत तसूभर फरक पडणार नाही. तिकडे ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलच्या दारांतून प्रवासी रुळांवर पडले आणि प्राणांस मुकले. ती लोकलही विजेवरच चालते. या शहरातला सर्वांत मोठा विद्युत वाहनांचा ताफा रुळांवर आहे, आणि त्याला हवे आहेत ते डबे, फेऱ्या आणि मार्गिका.

मग करावे काय? विजेची वाहने नकोत असे आमचे म्हणणे नाही. ती आधी कोणाला मिळावीत याचा क्रम उलटा झाला आहे, तो सरळ करावा असे आहे. चीनमधील शेन्झेन शहराने २०१७ अखेर आपल्या सोळा हजारांहून अधिक बसगाड्या विजेवर आणल्या आणि त्यापाठोपाठ टॅक्सी. खाजगी मोटारींचा भर नंतर आला. आपल्याकडे बेस्टचा स्वमालकीचा ताफा २०१० च्या सुमारास चार हजारांवर होता, तो २०२५ मध्ये हजाराच्याही खाली आला. विजेच्या नव्या बसगाड्या आल्या त्या बहुतांश कंत्राटदारांच्या. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात अशाच एका भाडेतत्त्वावरील विद्युत बसने अनेकांचे बळी घेतले, तेव्हा नव्या प्रकारच्या गाडीसाठी चालकाला पुरेसे शिक्षण दिले होते काय, हा प्रश्न पुढे आला. बस विजेची असली तरी चालकाचे शिक्षण, त्याचे वेतन आणि त्याची विश्रांती यांना पर्याय नाही. बेस्टने स्वतःच्या मालकीच्या विद्युत बसगाड्या घ्याव्यात, त्यांसाठी राज्याने व महापालिकेने भांडवल द्यावे, ही आमची पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी टॅक्सी, रिक्षा आणि माल पोचविणाऱ्या दुचाकींसाठी. बेस्टची आगारे शहराच्या मोक्याच्या जागी आहेत. ती बिल्डरांच्या हवाली करण्याऐवजी तेथे आणि प्रमुख थांब्यांवर सार्वजनिक मालकीची चार्जिंग केंद्रे उभी करावीत. परवानाधारक चालकाला तेथे घरगुती दराहून अधिक दर पडू नये, आणि त्यावरचा अठरा टक्के सेवाकर वस्तू व सेवा कर परिषदेने रद्द करावा. केंद्रावर सावली, पाणी आणि शौचालय असावे. चालक हा माणूस आहे, याची एवढी तरी खूण तेथे दिसली पाहिजे.

तिसरी मागणी गृहनिर्माण संस्थांविषयी. आपल्या खर्चाने, आपल्या मीटरवर आणि विद्युत निरीक्षकाच्या नियमांनुसार चार्जिंगची जोडणी घेण्याचा सभासदाचा हक्क सहकार कायद्यात स्पष्ट शब्दांत यावा. जुन्या इमारतींचा विद्युतभार वाढविण्याचा खर्च वितरण कंपन्यांनी हप्त्यांनी घ्यावा. आणि चौथी मागणी अशी, की करसवलत व पथकरमाफी यांना गाडीच्या किमतीची मर्यादा असावी. महागड्या मोटारींकडून मिळणारा पैसा बसच्या भाड्याकडे वळवावा. वीज विकून बस चालविण्याची बेस्टची जुनी वहिवाट याहून फार वेगळी नव्हती.

यांतले काहीही तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड नाही. पैशाच्या दृष्टीनेही अशक्य नाही. जो पैसा आज माफ केला जातो, त्याचाच हा वेगळा विनियोग आहे. १९०७ साली ट्रामसाठी तार टाकणाऱ्यांना मुंबईच्या प्रत्येक माणसाने स्वतःची ट्राम विकत घ्यावी असे वाटले नव्हते. एका आण्याच्या तिकिटावर गिरणीतला कामगार आणि कचेरीतला साहेब एकाच बाकावर बसू शकला, तो त्या तारेमुळे. सेतूच्या नाक्यावरून हिरव्या पाटीची गाडी खुशाल पुढे जावो. पण महापालिकेने आणि राज्य सरकारने येत्या अर्थसंकल्पात विजेसाठी जो पहिला रुपया काढायचा, तो बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या नावाने काढावा, असा आग्रह मुंबईकरांनी आता आपल्या नगरसेवकाच्या आणि आमदाराच्या दारात जाऊन धरला पाहिजे.